जुना कोड, जुनं होस्टिंग : तुम्ही काय केलंत? अनुभव सांगा

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट मी सांभाळतो, २००९ साली पीएचपी या भाषेत लिहिलेली, सभासद, देवघेव, पुस्तकांची यादी सगळं त्यातच. शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), एसएसएच म्हणजे सर्व्हरवर थेट कमांड द्यायची सोय नाही, फक्त सीपॅनल (ब्राउझरमधलं नियंत्रणाचं पान) आणि फाइली चढवायला एफटीपी. आता होस्टिंगवाले म्हणतायत पुढच्या महिन्यात पीएचपीची ५.६ आवृत्ती बंद, थेट ८ वर या. त्यांचंही चूक नाही, ५.६ चे सिक्युरिटी अपडेट ३१ डिसेंबर २०१८ लाच थांबले. पण आमचा सगळा कोड मायएसक्यूएल_क्वेरी वगैरे डेटाबेसशी बोलणाऱ्या जुन्या फंक्शन्सवर आणि ती ७.० पासून काढूनच टाकलीयत. नवीन लिहू की जुनं चालेल असं होस्टिंग शोधू? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

* * *

एका पतसंस्थेचं केलं होतं. सगळं नव्याने लिहू नका. ७ पासून ती नावं मोकळीच आहेत ना, मग त्याच नावांची फंक्शन्स आपण एका फाइलीत लिहायची, आतून मायएसक्यूएलआय (त्याच कामाची नवी फंक्शन्स) वापरायचं आणि ती फाइल कनेक्शनच्या फाइलीतच इन्क्लुड करायची. फक्त जुन्यात क्वेरी आधी आणि कनेक्शन नंतर, नव्यात उलटं, यात माझे दोन दिवस गेले. इरेग, स्प्लिट ही आणखी जुनी फंक्शन्स ७ ला गेली, ईच आणि क्रिएट_फंक्शन ८ ला, ते शोधून शोधून बदलावे लागतात. पण ही तात्पुरती सोय समजा, क्वेरीत थेट चिकटवलेले व्हेरिएबल तसेच राहतात. लॉगिन आणि सर्च आधी प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर (क्वेरी आणि वापरणाऱ्याने टाइप केलेलं वेगवेगळं पाठवायचं) घ्या, आमचं सर्च राहिलं आणि तिथूनच कुणीतरी आत शिरलं.

* * *

कोडच्या आधी डेटा बघा!! माझं सगळं मराठी नव्या सर्व्हरवर उलटंसुलटं लॅटिन दिसायला लागलं, मी रडकुंडीला आले होते. कारण असं की पान यूटीएफ-८ चं (अक्षरं साठवायची पद्धत, हिच्यात मराठी बसतं) पण जुनं कनेक्शन आणि टेबल लॅटिन१ चं (हिच्यात बसत नाही), जसं आत जायचं तसंच बाहेर यायचं म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलंच नाही. उपाय, कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट, भाषा नाही) करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ चा (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) टेक्स्ट, हे सीपॅनलमधल्या पीएचपीमायअॅडमिनमधूनही (डेटाबेस बघायचं साधन) होतं. आधी टेबलची कॉपी करून त्यावरच करा. आणि इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असलेला २५५ अक्षरांचा कॉलम जुन्या मायएसक्यूएलवर अडतो, इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट आणि एका अक्षराचे ४ धरतात, तो १९१ करावा लागतो.

* * *

मी उलट केलं, शाळेची साइट जुन्याच होस्टिंगवर ठेवली, बजेटच नव्हतं. अपलोड २ एमबी, स्क्रिप्टला ३० सेकंद. फोनवरचे फोटो जायचेच नाहीत म्हणून ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (पानावर चित्र काढायची जागा) लहान करून पाठवायला लागलो, निकालपत्रकं पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने. तीन वर्षं नीट चाललं. पण यातला एकही तास साइट सुरक्षित करण्यात गेला नाही, सगळे मर्यादेला वळसा घालण्यात गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

* * *

मीही वाचनालयाचंच केलंय, पण सगळं नव्याने, लारावेल या पीएचपीच्या तयार सांगाड्यात. त्याचं व्हेंडर फोल्डर (हजारो तयार फाइली) एफटीपीने चढवायला रात्र गेली ते सोडा. जुन्या कोडमध्ये एक विचित्र इफ (अट) होता, कशासाठी ते कळेना म्हणून गाळला. नोव्हेंबरात ग्रंथपाल बाईंचा फोन, दिवाळी अंक सातच दिवसांसाठी द्यायचे असतात, तुमची साइट पंधरा दाखवतेय, लोक भांडतायत. तो नियम फक्त त्या इफमध्येच लिहिलेला होता. तेव्हा आधी काउंटरवर दोन दिवस बसा आणि मग कोड उघडा.

* * *

धागाकर्ता : सगळ्यांचे मनापासून आभार. आधी पूर्ण बॅकअप घेतला, लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (घरच्या घरी सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) पीएचपी ८ टाकून त्या एका फाइलीचा उपाय केला. सभासदांची यादी उघडली, नावं मात्र लॅटिनमध्येच, मग ब्लॉबचं केलं आणि पहिलंच नाव नीट मराठीत आलं. उद्या सकाळी काउंटरवर बसतोय.