झंज उठाव: गुलामांचा लढा की एका महत्त्वाकांक्षी माणसाची चढाई?

धागाकर्ता:
अब्बासी खिलाफतीविरुद्ध इ.स. ८६९ ते ८८३ या काळात दक्षिण इराकमध्ये झालेल्या झंज (पूर्व आफ्रिकेतून आणलेले लोक) उठावाला सर्रास ‘गुलामांचे बंड’ म्हटले जाते. मला ते नाव पटत नाही. म्होरक्या अली इब्न मुहम्मद स्वतः गुलाम नव्हता. पैगंबरांचे जावई हजरत अली यांचे वंशज असल्याचा दावा करून त्याने आधी पूर्व अरबस्तानात नशीब अजमावले आणि तिथे डाळ शिजली नाही तेव्हा तो बसऱ्याकडे वळला. अनुयायांना त्याने वचन दिले तेही गुलामगिरी मोडण्याचे नव्हे, तर त्यांनाच मालमत्तेचे आणि गुलामांचे धनी करण्याचे. हे निव्वळ सत्ताकारण आहे.

पहिला प्रतिसाद:
नेत्याचा हेतू आणि अनुयायांची कारणे तुम्ही एकाच मापाने मोजत आहात. बसऱ्याभोवतीच्या जमिनीवरचा खारा थर खरवडून त्याचे ढिगारे रचणे हे या आफ्रिकी मजुरांचे काम होते, आणि पोटाला मिळे थोडे पीठ नि खजूर. (त्या थराला ‘शोरज’ म्हणत, आपला ‘सोरा’ त्याच फारसी गोतातला.) अलीने निशाणावर कुराणातील जी आयत लिहिली, तिचा आशय असा की, अल्लाहने श्रद्धावंतांचे प्राण आणि धन स्वर्गाच्या मोबदल्यात विकत घेतले आहे. बाजारात एकदा विकल्या गेलेल्या माणसाच्या कानी ‘विकत घेतले’ हे शब्द कसे पडले असतील? इथे धर्म आणि पोट वेगळे काढताच येत नाहीत. शिवाय गुलाम परत केल्यास माणशी ५ दिनार देऊ, असे मालकांनी सांगितले, तेव्हा अलीने त्या मालकांनाच गुलामांकरवी फटके मारवले.

धागाकर्ता:
फटक्यांचा प्रसंग मान्य. पण ८७१ मध्ये बसरा लुटला गेला तेव्हा कत्तल सामान्य नगरवासीयांचीही झाली, त्याचे काय?

दुसरा प्रतिसाद:
झाली, यात वाद नाही. मात्र आपली बहुतेक माहिती त्या काळचा इतिहासकार तबरी याच्याकडून येते आणि तो अलीला ‘अल्लाहचा शत्रू’ म्हणतो, हे विसरू नये. माझा आक्षेप दोघांवरही आहे. ८६१ ते ८७० या दशकात तेव्हाची राजधानी असलेल्या सामर्‍यात तुर्की सरदारांनी खलिफांना प्यादी करून ठेवले होते आणि पुढे पूर्व इराणमधल्या सफ्फारी घराण्याची फौज इराकवर चालून आली. दरबाराचे हात असे बांधलेले नसते, तर हा उठाव १४ वर्षे टिकलाच नसता. खलिफाचा भाऊ आणि सेनापती मुवफ्फक याने शेवटी बंडखोरांची राजधानी मुख्तारा हिला वेढा घातला, तेव्हा शरण आलेल्यांना मानाची वस्त्रे देऊन होड्यांतून तटासमोर मिरवले, आणि त्यानंतर फितुरीला ऊत आला.

पहिला प्रतिसाद:
तरीही ८८३ मध्ये अली मारला जाईपर्यंत काही जण त्याच्यासोबत राहिलेच. ते कशासाठी, याचे उत्तर दरबाराच्या दुबळेपणात सापडत नाही.