पावनखिंडीला कुठला कॅमेरा? जुना फुलफ्रेम डीएसएलआर का छोटा वॉटरप्रूफ

शाहूपुरीकर०९:
नमस्कार मंडळी. जरा इस्कटून सांगतो म्हणजे परत कुणी विचारायला नको. बजेट ६० हजार, वर एक रुपया जाणार नाही, घरात तसा शब्द दिलाय. दोन गोष्टी समोर आल्यात. एक म्हणजे ओळखीतला एक लग्नाचे फोटो काढणारा पोरगा मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) गेलाय, तो त्याचा निकॉन डी७५० (फुलफ्रेम डीएसएलआर, म्हणजे आतला उजेड टिपणारा सेन्सर मोठा) आणि २४-१२० एफ४ लेन्स मिळून ५८ ला देतोय, शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) ९२ हजार. दुसरं म्हणजे ऑलिंपसचा छोटा वॉटरप्रूफ टफ टीजी-६, हा पण वापरलेला, तीन वर्षं जुना पण डब्यासकट, ३० ला.

खरं कारण जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड मोहीम. मागच्या वर्षी गेलो तर मसाई पठारावरच असला पाऊस लागला की मोबाईल खिशातल्या खिशात भिजला, चार्जिंगचं भोक दोन दिवस पाणी पाणी म्हणून ओरडत होतं, आणि अख्ख्या वाटेचे माझ्याकडं ११ फोटो, त्यातले ४ माझ्याच बोटाचे. पण मोहीम वर्षातनं एकदाच की. बाकी वर्षभर भाचा तालमीत जातोय त्याचे फोटो, चैत्रात जोतिबा, संध्याकाळचा रंकाळा, आणि दिवाळीत तारकर्लीला जायचं ठरतंय तिथं पाण्याखालचे. सगळं एकात बसत नाही हे मलाबी कळतंय, पण आधी काय घेऊ?

दूधकट्टा_गंगावेश:
यात विचारायचं काय भावा, डी७५० डोळे झाकून उचल. तालमीत गेलायस ना कधी सकाळी साडेपाचला? एक ट्यूबलाईट, ती पण धुळीनं माखलेली, खाली लाल माती सगळा उजेड खाऊन टाकते, आणि पोरं एका जागी थांबत्यात व्हय? तिथं शटर १/५०० सेकंदाला ठेवायचं म्हटलं की एफ४ वर (त्या लेन्सचं भोक त्याहून मोठं होत नाय) आयएसओ, म्हणजे उजेड वाढवून घ्यायचा आकडा, ६४०० सहज मागतंय, कधी कधी त्याच्याबी वर. डी७५० ला ६४०० म्हणजे काय विषय नाय, थोडा दाणा दिसंल, तो पण मातीवर शोभतोय. टीजीवर तेच केलंस तर भाच्याच्या तोंडाचा पोस्टर कलर होईल.

हिशोबच सांगतो. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी. टीजीचा १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, करंगळीच्या नखापेक्षा लहान. क्षेत्रफळ काढ, जवळजवळ तीस पट फरक आहे. टीजीची लेन्स एफ२ आहे, म्हणजे एफ४ पेक्षा जास्त उजेड घेते, म्हणून लोक भुलतात पण तीस पट असा भरून निघत नसतोय. वर डी७५० ला दोन कार्डांची सोय, अंधारात फोकस झकास, शटर दीड लाखाला टेस्ट केलेलं म्हणजे ९२ हजारवर अजून बरंच आयुष्य हाय. पावसाचं काय ते प्लास्टिकची पिशवी बघून घेईल.

बावडा_घाटातली:
पिशवी बघून घेईल म्हणणाऱ्यांनी गगनबावड्याचा पाऊस बघितलेला नसतोय 😄

मी दोन वर्षं टीजी-६ वापरतो (होय, बाईच आहे, कोल्हापूरची आहे म्हणून वापरतो). पावसाळ्यात आंबोलीला बेडकं बघायला जातो, तिथं रात्रभर अंगावर पाणी. हा कॅमेरा १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरनं पडला तर झेलतो, वजन पाव किलो, पॅन्टच्या खिशात. मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासनं एक सेंटीमीटरवर फोकस होतंय, बेडकाच्या डोळ्यातली सोनेरी नक्षी अशी येते की फुलफ्रेमवाला मॅक्रो लेन्सचे पैसे जमवतच बसतोय.

पण त्याचे दुर्गुण कुणी सांगत नाही ते मी सांगतो. एक, यात पूर्ण मॅन्युअल मोडच नाही, शटर प्रायॉरिटी (शटरचा वेळ आपण ठरवायचा मोड) पण नाही. धबधब्याचं पाणी दुधासारखं पाहिजे म्हणून १/४ सेकंद लावतो म्हणालात तर थेट लावता येत नाही, एफ८ करून (उजेड कमी करून) नि आयएसओ खाली आणून त्याला फसवायला लागतंय. दोन, आणि हे मोठं आहे, वॉटरप्रूफ म्हणजे कॅमेरा मरत नाही, फोटो चांगला येतोच असं नाही. काच एवढीशी, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावर एक थेंब बसला की निम्मा फोटो गेला. भर पावसात पुसायला कोरडं काय असतंय अंगावर? मी एक रुमाल झिपच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवतो, तोबी तासाभरात ओला होतो. मोठ्या लेन्सला हूड (पुढं लावायची नळीसारखी कड) असतं, थेंब आतपर्यंत येत नाही.

आणि तीन, तीन वर्षं जुना वॉटरप्रूफ घेताय तर झाकणाचं रबर बघून घ्या. पॅकिंग (तेच रबर) वर्षाला बदला असं ऑलिंपसच्या म्यान्युअलमध्येच लिहिलंय.

जुना_रीळवाला:
वरच्या ताईंनी रबराचं काढलंच आहे तर माझा किस्सा ऐका. टीजी नाही, दुसऱ्या एका कंपनीचा वॉटरप्रूफ होता, नाव घेत नाही कारण चूक माझीच. मालवणला नातवाबरोबर पाण्यात उतरलो. पाच मिनिटांत स्क्रीनवर धुकं, मग रेघा, मग काळोख. बाहेर येऊन बॅटरीचं झाकण उघडलं तर चमचाभर पाणी. आणि रबराच्या कडेला आडवा पडलेला एक पांढरा केस. माझाच. एका केसानं कॅमेरा गेला. डोक्यावर उरलेत किती, त्यातला एक नेमका तिथं.

तेव्हा झाकण कायम कोरड्या जागेत, कोरड्या हातानं उघडायचं. वाळूवर बसून कार्ड बदलायचं नाही. समुद्रातनं आलं की झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचं, मीठ सुकलं की बटणं धरतात.

आता डी७५० बद्दल. लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा म्हणजे टॅक्सीला चाललेली गाडी, चांगली असू शकते पण बॉनेट उघडून बघावं. शटर काउंटपेक्षा लेन्स बघ. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या चपलेला बुरशी येते, लेन्सला का येणार नाही? अंधाऱ्या खोलीत जा, दोन्हीकडची टोपणं काढ, ॲपर्चर (लेन्सचं आतलं भोक) उघडं करून मागनं मोबाईलचा टॉर्च मार आणि तिरकं बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर हात जोडून परत दे. मग झूमची रिंग कानाजवळ धरून फिरव. जोतिबाला गेलेली लेन्स असली तर गुलाल बोलतो, करकर करकर. २४-१२० झूम करताना नळी बाहेर येते, येताना हवा आत ओढते, आणि हवेबरोबर गुलाल. चैत्रातला गुलाल पुढच्या चैत्रापर्यंत निघत नाही.

शाहूपुरीकर०९:
काका केसाचा किस्सा वाचून बायकोला पण वाचून दाखवला 🙏 मी तर असल्या कॅमेऱ्यात पाणी जातच नाही असं धरून चाललेलो.

एक शंका. डी७५० ला वेदर सीलिंग आहे म्हणतात मग हूड लावून पिशवी घालून नेला तर दोन दिवस टिकणार नाही का? आणि दूधकट्टा तू स्वतः नेलायस का कधी मोहिमेला?

दूधकट्टा_गंगावेश:
नेलाय की. खोटं कशाला बोलू. डी६१० होता, पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून हुडावर रबरबँड मारला. करपेवाडीपर्यंत राजा होतो. पुढं पिशवीच्या आत माझ्याच हाताच्या गरमीनं वाफ धरली, व्ह्यूफाइंडर आंधळा, आणि बॉडी लेन्स मिळून दीड किलोचं मडकं गळ्यात, चिखलात पाय सरकला की पहिला हात कॅमेऱ्याला जातोय, तोल सावरायला नाही. दोनदा ढुंगणावर आपटलो. पांढरपाणीला पोचलो तोवर कॅमेरा बॅगेत खाली, वर कपडे, वर डबा. पावनखिंडीचे फोटो मित्राच्या मोबाईलवरचे हायत माझ्याकडं.

पण तालमीसाठी डी७५० च हे माझं मत कायम.

जुना_रीळवाला:
सीलिंगचं बोलायचं तर कंपनी त्याला धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण म्हणते. मसाई पठारावर पाऊस आडवा येतो, त्याला शिंतोडे कोण म्हणेल. कॅमेरा मरेलच असं नाही, पण मेला तर ५८ हजार एका दिवसात.

बावडा_घाटातली:
दूधकट्टा दादा शेवटी खरं बोललासा 😂

शाहूपुरीकर दादा, तुमच्याच आकड्यांवर सांगतो. ५८ चा घेतला तर खिशात दोन हजार राहतात, त्यात कोरडी पेटी, बॅग, पावसाचं कव्हर काय काय बसवणार? आणि तारकर्लीला तो किनाऱ्यावरच बसणार. ३० चा घेतला तर तीस शिल्लक. तालमीचे फोटो त्यानं धड येणार नाहीत, ते मान्य करूनच घ्यायचा. भाच्याची मोठी कुस्ती असली की फुलफ्रेम एका दिवसाला भाड्यानं आणा, आपल्याकडं लग्नवाली पोरं मोकळ्या तारखेला देतात ओळखीत. कदाचित तोच डी७५० मिळेल तुम्हाला.

फक्त पॅकिंग न बदलता खोल पाण्यात नेऊ नका. पावसाला चालेल, रबराला चीर नसली नि दोन्ही झाकणांची लॉकं घट्ट बसत असली तर. बॅटरी एक जास्तीची घ्या.

शाहूपुरीकर०९:
अपडेट देतो. काल दोन्ही बघून आलो. डी७५० ची बॉडी एक नंबर, ग्रिपचं रबर तेवढं सुटलंय. लेन्समध्ये टॉर्च मारला काकांनी सांगितल्यासारखा, मागच्या काचेच्या कडेला बारीक जाळं. त्याला दाखवलं तर म्हणतोय फोटोत येत नाही. येत नसंल आज. आणि रिंग फिरवल्यावर करकर, मी म्हटलं जोतिबा? तो म्हणाला तुम्हाला कसं कळलं. नुसती बॉडी ४० ला देतोय आता, पण मग लेन्सला परत पैसे, म्हणून सध्या राहू दे म्हटलं. भाच्याच्या कुस्तीला भाड्यानं देशील का विचारलं तर हसत हो म्हणाला.

टीजी घेतला. २८ ला सुटला. रबराला चीर नाही पण खाचेत वाळूचे चार कण निघाले, म्हणजे आधीचा मालक समुद्रावर जाऊन आलाय आणि मला म्हणत होता पाण्यात घातलेलाच नाही. नवीन पॅकिंग तारकर्लीच्या आधी बसवून घेतो, मोहिमेला आहे तसाच नेतो.

उरलेल्या ३२ वर घरात डोळा गेलेला आहे, त्याचा विषय संपला.

शेवटचं एकच. त्या खाचेतले कण काढायला कापूस लावला तर धागे सुटतात. बायकोचा मेकअपचा बारीक ब्रश चालेल का?

बावडा_घाटातली:
मऊ आणि कोरडा पाहिजे, त्याचे केस गळत नसले तर चालेल. आणि विचारून घ्या.

शाहूपुरीकर०९:
न विचारता घेतला होता. नवीन आणायला महाद्वार रोडला निघालोय.