अनुभव धागा : लगीनघाई होऊ द्या, डोक्याला ताप नको

नवरदेवाची ताई

धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. मुलगी पारोळ्याकडची, आम्ही जळगावचे, तारीख वैशाखातली. २०१४ ला माझं लग्न झालं तेव्हा सगळं आईने एकटीने ओढलं आणि पाठवणीनंतर चौथ्या दिवशी ती सलाईनवर होती. आता आई नाही. बाबा, मी आणि ज्याचं लग्न आहे तो, असे तिघंच. भाऊ म्हणतो, "होऊन जाईल." हे ऐकलं की मला धडधडतं.

तुमच्या घरचं कार्य कसं पार पडलं ते लिहा. कुठे फसलं ते आधी लिहा. 'मन शांत ठेवा' असलं कुणी सांगू नका, बट्टीला पीठ किती लागतं ते सांगा.

गिरणाकाठ

बैठकीत कागद करा. आमच्या बहिणीच्या वेळी सगळं तोंडी ठरलं. दोन्हीकडची मोठी माणसं, सगळे हसतखेळत, "तुमचं आमचं काय वेगळं आहे का भाऊसाहेब" वगैरे. कार्यालयाचं भाडं कोणाकडे, जेवण कोणाकडे, बस्ता एकत्र फाडायचा की आपापला, हे बोललो. फेट्यांचं बोललो नाही. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या धाकट्या मामांना फेटा कमी पडला. मामा मांडवातून उठले ते थेट बाहेर उभ्या गाडीत जाऊन बसले. काचा वर. पाऊण तास माझे वडील त्या काचेशी वाकून बोलत होते. मुहूर्त टळून गेला, भटजी दुसऱ्या लग्नाला जायचं म्हणून घड्याळ बघत होते.

पुढे माझ्या लग्नात मी वहीचं पान फाडलं आणि बैठकीतच लिहायला बसलो. मानाचे फेटे किती, साड्या किती, टॉवेल-टोपी किती, नवरदेवाकडची माणसं किती. सासऱ्यांना आधी जरा लागलं ते, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. त्याच पानाचा फोटो पुढे त्यांनीच चार वेळा मागून घेतला.

एक आगाऊ सूचना: ठरलेल्या आकड्यापेक्षा पाच फेटे जास्त आणा. मामा कुठून उगवतील सांगता येत नाही.

उधन्याचा भाचा

आम्ही सुरतवाले. निम्मा खान्देश उधना-लिंबायतला राहतो हे तुम्हाला माहीत आहेच. चुलतभावाचं लग्न अमळनेरला होतं, इकडून नव्वद माणसं न्यायची होती. मे महिना, शाळांना सुट्ट्या, सुरत-भुसावळ लाइनीला पाय ठेवायला जागा नसते. काका म्हणाले, "तिकिटं काढू सावकाश." त्या सावकाशीत आम्ही जनरल डब्यात उभ्याने गेलो. रुखवतातला थर्माकोलचा वाडा नंदुरबारला बसला आणि दोंडाईच्याला पडला.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालंय. म्हणजे तारीख पक्की झाली की साठावा दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि सकाळी आठला दोघातिघांनी मोबाइल घेऊन बसा. धाकट्याच्या लग्नात आम्ही तसंच केलं, वर प्रत्येक सहा माणसांमागे एक कारभारी नेमला. त्याने आपली सहा डोकी मोजायची, बाकी जगाची चिंता करायची नाही. वऱ्हाड पहिल्यांदाच पूर्ण पोचलं. एक पोरगं जास्तच निघालं, पण ते शेजाऱ्यांचं होतं.

कपाशीवाली

आमचं लग्न कापसाने लांबवलं. वाचायला गंमत वाटेल, तेव्हा नव्हती.

२०२२ चा दिवाळी हंगाम. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला, त्यामुळे यंदाही जाईल म्हणून गावात कोणीच विकेना. आमच्या आबांनी ओसरी भरली, मग मधली खोली भरली, मग माझ्या कपाटापर्यंत कापूस आला. साखरपुडा झालेला होता, लग्न फेब्रुवारीत धरलं होतं. व्यापारी दारात यायचा, आबा म्हणायचे, "अजून पंधरा दिवस." भाव सात-आठ हजारांच्या आसपास रेंगाळत खाली येत होता. कार्यालयाची उचल द्यायची होती, आचाऱ्याची द्यायची होती, बस्ता बाकी होता. घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. आई देवासमोर बसायची आणि मी त्या गंजीकडे बघत बसायचे. सासरी काय सांगायचं? भाव आला की येतो?

शेवटी तारीख एप्रिलवर गेली. तेव्हाही निम्मा कापूस घरातच! पाहुणे झोपणार कुठे? आत्याबाई आणि त्यांच्या सुना मधल्या खोलीत गंजीला टेकून झोपल्या आणि सकाळी सगळ्यांच्या अंगाला खाज. हळद मला लावायची, पण आधी आत्याबाईंनीच मागून घेतली हातापायाला. फोटोत माझ्यापेक्षा त्याच पिवळ्या दिसतात.

कापूस शेवटी मे महिन्यात गेला, फेब्रुवारीत मिळाले असते त्याहून कमी पैशात. आबा त्या विषयावर अजून बोलत नाहीत. मी मात्र बोलते. शेतीवर लग्न असेल तर लग्नापुरता माल आधी विकून टाका, ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, मग उरलेल्यावर खुशाल जुगार खेळा. भावकीतल्या दोन घरांनी पुढच्या वर्षी हे ऐकलं. आमच्या आबांनी ऐकलं नसतं, ते सोडा.

नाना बट्टीवाले

पोरी, पिठाचं मी सांगतो. पंचवीस वर्षं गावातल्या पंगतींना उभा आहे.

शंभर माणसाला गव्हाचं भरडसर पीठ १२ किलो धर, त्यात थोडं मक्याचं. हळद, ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन हात राखून नको. तूरडाळ ५ किलो, घोटलेल्या भाजीला वांगी १० किलो. हा झाला माझा हिशोब, दुसरा आचारी दुसरा सांगेल. भात ठेवलास तर पीठ कमी लागतं. गोडाचं तू ठरव, पण बट्टीसोबत तूप पातळ करून हाताशी पाहिजे, नाही तर वाढपी तूपवाल्याला शोधत फिरतात आणि पंगत थंड होते. बट्टीच्या पिठाचे उंडे रात्रीच उकडून ठेवायचे, गार झाल्यावर कापायचे, तळण पंगत बसायच्या तोंडावर. वरण मात्र रात्री करू नको. वैशाखात सकाळपर्यंत आंबतं, आणि आंबलं हे पहिल्या पंगतीलाच कळतं.

पण खरी मेख पिठात नाही, पत्रिकेत आहे. तू चारशे पत्रिका वाटणार. त्यातली चूलबंद आवतणं किती? चूलबंद म्हटलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत सगळे आले. आमच्या गल्लीत एकाने जावयाच्या उत्साहात अख्ख्या गल्लीला चूलबंद सांगितलं आणि आचाऱ्याला सांगताना घरटी दोन माणसं धरली. तिसऱ्या पंगतीला मी स्वतः शेजारच्या घरांतून कणीक गोळा केली. यादीत प्रत्येक नावापुढे चूलबंद की एक माणूस, ते लिही. यादी बाबांना करू दे, पुढचा आकडा तू टाक.

भुसावळची सिस्टर

दुपारी साडेबाराचा मुहूर्त घेऊ नका. आमच्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि माणसं सिल्कमध्ये उभी. मी पाहुणी म्हणून गेले होते, दोन तास ड्युटीच केली. नवरदेवाची आजी, एक बँडवाला आणि घोडा, तिघंही सावलीत न्यावे लागले. घोड्याला काय द्यायचं ते मला येत नव्हतं.

पाण्याचे जार मोजून न मागवता दुप्पट मागवा, ओआरएसची पाकिटं एकाच्या खिशात ठेवा, म्हाताऱ्यांना हॉलमध्ये कूलरसमोर आधी बसवा आणि मिरवणूक छोटी ठेवा. गोरज मुहूर्त मिळाला तर सोनं.

फक्त वाचणारा

गोरज घ्या, पण वाजंत्रीवाल्याला आधीच सांगून ठेवा की रात्री दहाला स्पीकर बंद. नियमच आहे तो. आमच्याकडे दहा वाजून वीस मिनिटांनी पोलीस आले. वरमाय तेव्हा नाचत होती. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न धरू नका. मुहूर्त बघायला लागत नाही म्हणून सगळेच तो दिवस धरतात. आमच्या आचाऱ्याने त्या दिवशी तीन लग्नं घेतलेली होती, आमच्याकडे त्याचा पुतण्या आला. पुतण्याला पोहे येत होते.

पांझरेची लेक

आम्ही धुळ्याला सत्यशोधक पद्धतीने केलं. पहिलं सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ चं, म्हणजे ही काही आमच्या डोक्यातून निघालेली नवी टूम नाही, हे मला घरात निदान चाळीसदा सांगावं लागलं. दोघांनी शपथ घेतली, मंगलाष्टका मराठीत, हुंडा नाही, मानपान नाही, पत्रिकेवर 'आहेर आणू नये'. तयारी तीन आठवड्यांत झाली. विवाह नोंदणीचा अर्ज ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो, तो आम्ही पहिल्याच आठवड्यात देऊन टाकला.

डोक्याला ताप नव्हता असं म्हणणार होते, पण आजी. मानपान नाही म्हटल्यावर तिला रुसायला जागाच उरली नाही. दोन दिवस ती कोपऱ्यात बसून होती. विचारलं तर म्हणाली, "पोरी, लगीनमा कोनी रुसनं नही, ते लगीन कसानं?" मग वडिलांनी तिला सगळ्यांसमोर नवं लुगडं नेसवलं आणि हळदीला तिच्याकडून अहिराणी गाणी म्हणवून घेतली. रात्री दीडपर्यंत थांबली नाही. शेवटी आम्हीच पेंगलो.

सराफ्यात हरवलेला

सोन्याला बायकोची आई, तिची बहीण, माझी आई आणि वहिनी अशा चौघी एकदम नेऊ नका. एवढंच. जळगावात दुकानं इतकी आहेत की चौघींची चार दुकानं झाली आणि मी ज्यूस सेंटरवर संध्याकाळ काढली. दोन जणी गेल्या तेव्हा एका तासात झालं. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी बघा, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. जुनं मोडणार असाल तर वजन घरूनच करून न्या. आणि मजुरी आधी विचारा, डिझाइन नंतर बघा. उलटं केलं की डिझाइन आवडून बसतं.

नवरदेवाची ताई

सगळं बाबांना वाचून दाखवलं. कापसाच्या गंजीला ते मनापासून हसले, मग म्हणाले, आपली केळी आहे ते बरं, केळी घरात ठेवताच येत नाही.

मुहूर्त बदलून गोरज घेतला, पारोळ्याकडचे लगेच तयार झाले, त्यांनाही उन्हाचीच धास्ती होती. बैठक परवा आहे. मी वही घेऊन बसणार, फेटे पाच जास्त. यादीत १६३ नावं झाली, त्यातली ७१ चूलबंद निघाली. भावाला हा आकडा सांगितला तेव्हा पहिल्यांदा तो 'होऊन जाईल' म्हणाला नाही. सुरतच्या दोन्ही मावश्यांची तिकिटं काढायचं काम त्याच्याच गळ्यात घातलंय.

एक राहिलंय. देवक बसवताना आईच्या जागी कोण? बाबा म्हणतात, कमरेला सुपारी खोचून एकटाच बसतो. आत्याबाईंचं म्हणणं, काका-काकूंना बसवा, बरं दिसतं. काकू स्वतः काहीच बोलत नाही, काल फक्त आईचं हिरवं नऊवारी इस्त्री करून आणून ठेवलंय तिने. कोणासाठी ते सांगितलं नाही. हे बैठकीत विचारायचं नाही, घरातच ठरवायचं आहे, आज रात्रीच्या जेवणानंतर.

आणि नाना, भात ठेवतेय. पीठ शंभराला दहा किलोवर आणू का?