तांत्रिक विषयांच्या वर्गात ई-पोर्टफोलिओ सुरू करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रयोगशाळा_तीन :

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ॲनालॉग सर्किट्स हा विषय आणि त्याची प्रात्यक्षिके शिकवते. पुढच्या सत्रापासून विद्यार्थ्यांनी कागदी जर्नलसोबत ई-पोर्टफोलिओही, म्हणजे आपल्या कामाच्या फोटो-नोंदींचा डिजिटल संग्रह, ठेवावा असे विभागाच्या बैठकीत ठरले असून, त्याची रूपरेषा आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि प्रात्यक्षिकांना ते २०-२०च्या तुकड्यांत येतात.

कल्पना मला पटलेली आहे. विद्यार्थी सत्रभर सर्किट जुळवतो, ते चालत नाही म्हणून उकलतो, पुन्हा जुळवतो, आणि शेवटी आमच्या हाती येतो तो निरीक्षणांचा तक्ता, एक आलेख आणि ‘अशा प्रकारे प्रयोग पूर्ण करण्यात आला’ हे ठरलेले वाक्य. मधल्या खटाटोपाचा मागमूसही उरत नाही, आणि खरे शिक्षण तर तिथेच झालेले असते.

शंका मात्र अनेक आहेत. जर्नल जसे एकमेकांचे पाहून उतरवले जाते, तसेच पोर्टफोलिओचे होणार नाही हे कशावरून? इतके सगळे वाचून गुण द्यायला वेळ कुठून आणायचा? कित्येकांकडे स्वतःचा संगणक नाही, फक्त मोबाइल आहे, त्यांचे काय? शिवाय यासाठी कोणते माध्यम निवडावे, याबद्दलही विभागात एकमत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

जुना_ऑसिलोस्कोप :

मॅडम, पहिली सूचना अशी की, पोर्टफोलिओ जर्नलच्या जोडीला आणू नका. जर्नलच्या काही भागाची जागा त्याला द्या. दोन्ही मागितले की विद्यार्थी जर्नलचीच पाने मोबाइलवर स्कॅन करून चढवतात, आणि त्यात त्यांना दोष देता येत नाही, कारण एकाच कामाचे दोन अहवाल लिहायला लावणे हा मुळात आपलाच अविचार असतो. नियमानुसार जर्नल सोडता येत नसेल, तर निदान दोन-तीन प्रयोगांचे लेखन त्यातून वगळून तेवढे प्रयोग पूर्णपणे पोर्टफोलिओत घ्यावेत आणि जर्नलमध्ये त्यांची छापील प्रत लावावी.

नोंद कशी असावी, हे उदाहरणाने सांगतो. ब्रिज रेक्टिफायरचा, म्हणजे चार डायोड वापरून एसीचे डीसी करणाऱ्या सर्किटचा, प्रयोग आपण घेतच असाल. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर पूर्ण-तरंग रेक्टिफायरच्या आउटपुटमधला रिपल (डीसीत उरलेला चढ-उतार) १०० हर्ट्झचा दिसला पाहिजे. एखाद्या गटाला ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तो ५० हर्ट्झचाच दिसतो. लोड हलका असल्यामुळे मल्टिमीटरवर डीसी व्होल्टेज मात्र जवळजवळ बरोबर येते. जर्नल लिहायचे असेल, तर तो गट शेजारच्या टेबलावरचे आकडे उतरवतो आणि मोकळा होतो. पोर्टफोलिओत त्याच पडद्याचा फोटो येतो, आणि त्याखाली अशा ओळी : ‘रिपल अपेक्षेच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीचा आहे, म्हणजे सर्किट अर्ध-तरंग रेक्टिफायरसारखे वागत आहे. चारपैकी एखादा डायोड ओपन (आतून तुटलेला) असावा असे वाटले. पुरवठा बंद करून प्रत्येक डायोड तपासला. डी३ हा डायोड कोणत्याच दिशेला वहन करत नव्हता.’ त्यानंतर डायोड बदलल्यावरचा दुसरा फोटो. एवढी नोंद वाचली की विद्यार्थ्याला रेक्टिफायर कळला आहे की नाही, हे मला १० पानांच्या जर्नलपेक्षा लवकर समजते.

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधारित अध्ययनाचे जे चक्र मांडले, त्यात प्रत्यक्ष अनुभव, त्याचे अवलोकन, त्यातून बनलेली कल्पना आणि त्या कल्पनेची पुन्हा प्रत्यक्षात परीक्षा असे चार टप्पे आहेत. वरच्या चार ओळींत ते चारही आले आहेत, आणि विद्यार्थ्याला त्या चक्राचे नावही माहीत असण्याची गरज पडलेली नाही. म्हणूनच ‘या प्रयोगातून तुम्ही काय शिकलात?’ असा प्रश्न नमुन्यात ठेवू नये. त्याला उत्तरादाखल केवळ सुविचार येतात. त्याऐवजी काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय दिसले, फरक कशामुळे पडला असे वाटले आणि ते कसे तपासले, एवढेच विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. पोर्टफोलिओची दोन वेगळी रूपे असतात, एक काम चालू असतानाची जागा आणि दुसरे लोकांसमोर मांडण्याचे दालन, हा भेद ई-पोर्टफोलिओच्या अभ्यासक हेलन बॅरेट यांनी त्यांच्या लेखनात वारंवार स्पष्ट केला आहे. आपल्याकडे पहिल्याच दिवशी ‘नोकरीच्या मुलाखतीत हे दाखवता येईल’ असे सांगितले जाते, आणि मग कोणीही ओपन डायोडचा फोटो ठेवायला धजावत नाही. सत्र संपेपर्यंत सर्व नोंदी विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुरत्याच राहू द्या. त्यांतून निवडून सजवलेले दालन उभारायचे ते शेवटच्या वर्षी, तेही विद्यार्थ्याची इच्छा असेल तर.

सर्व्हर_रूम :

माध्यमाविषयी थोडक्यात लिहितो. महाविद्यालयात मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली आधीपासून चालत असेल, तर महारा पाहावे. हे ई-पोर्टफोलिओसाठीचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाले. ते मूडलला जोडता येते, कोणते पान कोणाला दिसावे हे विद्यार्थी स्वतः ठरवतो आणि संपूर्ण पोर्टफोलिओ एचटीएमएल स्वरूपात उतरवून घेता येतो. त्यासाठी सर्व्हर सांभाळणारा माणूस मात्र हवा. तो नसेल तर या फंदात पडू नये, सामायिक ड्राइव्हवर प्रत्येकाचा एक फोल्डर आणि एक ठरलेला नमुना एवढ्यावरही काम भागते.

प्रोग्रॅमिंगच्या विषयांना गिटहबसारखी कोड साठवण्याची सेवा अधिक सोयीची, कारण तिथे प्रत्येक कमिटची (जतन केलेल्या बदलाची) वेळ आणि बदल आपोआप नोंदला जातो. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच कमिटमध्ये अख्खा प्रकल्प आलेला असेल, तर वेगळे काही विचारावे लागत नाही. तिथे १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारली जात नाही, त्यामुळे व्हिडिओ अन्यत्र ठेवून फक्त दुवा द्यावा.

मोबाइलची अडचण वाटते तितकी मोठी नाही. फोटो, बोलून केलेली नोंद आणि चार ओळींचा मजकूर एवढेच मागायचे असेल, तर मोबाइलच अधिक हाताशी असतो. नमुना आखताना तो आधी मोबाइलच्या पडद्यावर उघडून पाहावा, कारण संगणकावर नेटका दिसणारा सहा रकान्यांचा तक्ता तिथे वाचताही येत नाही. आणि विद्यार्थ्याचे खाते महाविद्यालय सोडल्यावर बंद होणार असेल, तर आपली प्रत उतरवून घेण्याची आठवण त्याला वेळेत करून द्यावी.

लेथ_आणि_मिलिंग :

मी थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. आमच्या विभागात हा प्रयोग होऊन गेला आहे. नव्याचे नऊ दिवस उत्साह होता, पुढच्या सत्रात येरे माझ्या मागल्या. आत्मपरीक्षणाला गुण ठेवले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल ते लिहितो. ‘मला सुरक्षिततेचे आणि सांघिक कार्याचे महत्त्व पटले’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे की, ते लिहिणाऱ्याने मशीन सुरू तरी केले होते का, अशी शंका येते. त्यात २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून असली वाक्ये लिहिण्याचे कष्टही उरलेले नाहीत.

दुसरे असे की, वर्कशॉपचे काम फोटोत दिसत नाही. २० मिलिमीटरच्या एच७ या अचूकता-श्रेणीच्या छिद्राला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मिळतो तो २१ मायक्रॉनचा. फोटोत २० मायक्रॉनची चूक आणि २०० मायक्रॉनची चूक सारखीच चकाकते. जॉब, म्हणजे विद्यार्थ्याने घडवलेला भाग, हातात घेऊन मापाचे गेज लावल्याशिवाय मी त्याला गुण देणार नाही, आणि ते तर मी आजही करतो. मग पोर्टफोलिओने नेमकी कशाची भर पडली?

प्रयोगशाळा_तीन :

सर, आपला आक्षेप रास्त वाटतो, विशेषतः फोटोबद्दलचा. पण जॉब जमा होऊन त्याला गुण मिळाले की तो भंगारात जातो, आणि तो ज्या क्रमाने घडला, जिथे बिघडला, ते सारे त्याच्याबरोबर जाते. ते टिकवण्याचा दुसरा काही मार्ग आपल्याला सुचतो का?

तोंडी_परीक्षक :

लेथ सरांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. वस्तूची अचूकता गेजनेच तपासायची. तिथे फोटोचे काम नाही. मात्र फोटो जॉबचा न मागता मोजमापाचा मागितला, म्हणजे मायक्रोमीटरचे वाचन दिसेल असा, आणि तोही रफिंगनंतर (जाड कापणीनंतर) एक व फिनिशिंगनंतर (शेवटच्या बारीक कापणीनंतर) एक, तर कट किती घ्यायचा याचा निर्णय विद्यार्थ्याने कशाच्या आधारावर घेतला, हे विचारण्याची सोय होते. तयार जॉब हातात घेऊन हे विचारता येत नाही.

आता वेळेचा हिशेब. ६० पोर्टफोलिओ, प्रत्येकी १० मिनिटे, म्हणजे एका फेरीला १० तास. सत्रातून अशा तीन फेऱ्या केल्या तर आपण तिसऱ्या फेरीला पाट्या टाकू लागतो, हे उघड आहे. म्हणून सर्व नोंदी वाचण्याचा अट्टाहास धरू नये. विद्यार्थ्याने केलेल्या नोंदींपैकी तीन त्याने स्वतः निवडून द्याव्यात, त्यांतली एक आपण नीट वाचावी आणि तोंडी परीक्षेत तीच समोर उघडून बसावे. तोंडी परीक्षा घ्यावी लागतेच. तिला वेगळा वेळ लागत नाही.

चॅटबॉटच्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच सापडते. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याला ‘डायोड तपासण्याआधी पुरवठा बंद का केलास?’ किंवा ‘तो ओपन न होता शॉर्ट झाला असता तर काय दिसले असते?’ असे विचारले, तर ज्याने तो खरोखर बदलला आहे तो लगेच बोलू लागतो. ज्याने मजकूर बनवून आणला आहे त्याला स्वतःच्याच नोंदीतले वाक्य पुन्हा वाचावे लागते. भाषा कोणी सुधारून दिली, याचा तपास करण्यात आपली शक्ती खर्च करू नये.

गुणांची वाटणी करताना मांडणी, रंगसंगती, मुखपृष्ठ यांना शून्य गुण ठेवावेत आणि ते विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. नाहीतर अर्धा वर्ग टेम्प्लेट निवडण्यातच अडकतो. पुरावा, कारणमीमांसा आणि दुरुस्ती हे तीन निकष पुरतात. सत्राच्या सुरुवातीला विभागातील दोन शिक्षकांनी तेच पाच पोर्टफोलिओ एकमेकांना न विचारता तपासावेत आणि मग गुण ताडून पाहावेत. तफावत जिथे मोठी असेल, तिथे निकषाची भाषा संदिग्ध आहे असे समजून ती बदलावी. हे न करता सुरुवात केली, तर तुकडीगणिक गुण बदलल्याच्या तक्रारी येणारच.

गटाने केलेल्या प्रकल्पात प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्याच्या कामाची नोंद ठेवावी. कारखान्यातील प्रशिक्षणाचे ड्रॉइंग किंवा फोटो मात्र संबंधित कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पोर्टफोलिओत येता कामा नयेत. याबाबतीत विद्यार्थी फार बेफिकीर असतात.

प्रयोगशाळा_तीन :

सर्वांचे आभार. सुरुवातीला तीनच प्रयोग घेऊन, तेवढे जर्नलमधून वगळण्याचा प्रस्ताव मी विभागासमोर ठेवणार आहे. शेवटचा एक प्रश्न : एखाद्या गटाचे सर्किट अखेरपर्यंत चाललेच नाही, तर त्यांच्या नोंदीला पूर्ण गुण देता येतील का? आमच्याकडे यावर मोठा वाद होणार, हे मला आत्ताच दिसते आहे.

जुना_ऑसिलोस्कोप :

मी देतो. अट इतकीच की, दोष कुठे नाही हे त्यांनी मोजून दाखवलेले असावे : ट्रान्सफॉर्मरचे सेकंडरी व्होल्टेज बरोबर आहे, चारही डायोड ठीक आहेत, कपॅसिटर लीक नाही, आणि मग वेळ संपली. ‘सर्किट चालले नाही’ एवढेच लिहिलेले असेल, तर शून्य.