अरुबा, ६ रात्री, तीन पिढ्या: कुठे राहावं, गाडी घ्यावी का, कागद काय लागतात?

मिडलसेक्सकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यूअर्कहून कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आई-बाबा. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई पक्की शाकाहारी (अंडंही नाही). ऊन हवं, पाऊस नको आणि समुद्र मुलीला झेपेल असा हवा, एवढीच अपेक्षा.

१. पाम बीच की ईगल बीच?
२. गाडी सहाही दिवस लागेल का? जीप घ्यावी का?
३. आईच्या जेवणाचं काय?
४. शेजारचं कुरासाव बेट जास्त चांगलं असं एक जण म्हणतो. खरं का?
५. व्हिसा: आई-बाबांचा बी-२ (पर्यटक व्हिसा) दहा वर्षांचा आहे. आमचे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (कुटुंबाचा) यांचे पासपोर्टवरचे स्टॅम्प संपलेत, पण नवीन आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) आहे. मागे याच कागदांवर टोरांटोला जाऊन आलो होतो, म्हणजे इथेही चालेल ना?

निवडुंग

पाचव्या प्रश्नावर जाणकार बोलतीलच, मी बाकीचं घेतो.

अरुबाचं सगळं नियोजन वाऱ्यावर बेतायचं असतं, हे आधी डोक्यात घ्या. बेट लहान आहे, सुमारे ३० किलोमीटर लांब, रुंदीला जास्तीत जास्त १० आणि सगळ्यात उंच टेकडी १८८ मीटरची. ढगांना अडवायला डोंगर नाही, त्यामुळे पूर्वेचा व्यापारी वारा बेटावरून सरळ निघून जातो. वर्षाचा पाऊस ४७० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशाच्या तोडीचा. निवडुंग तर इतका की घरांना कुंपणंही त्याचीच. पाऊस येतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर. तुमच्या आठवड्यात एखाद-दुसरी सर येईल, तिच्यासाठी बेत बदलायचं कारण नाही.

वारा मात्र रोज, सरासरी ताशी २५ किलोमीटरच्या पुढे. मे ते जुलै त्याचा जोर जास्त, सप्टेंबर ते नोव्हेंबर कमी. त्याने घाम वाळतो, ऊन लागतंय हे कळत नाही आणि संध्याकाळी अंग भाजलेलं निघतं.

पोहण्याचे किनारे पश्चिमेला. वारा पूर्वेचा, म्हणजे तिथे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी सपाट दिसतं ते म्हणूनच आणि खरा धोकाही तिथेच आहे. पाम बीचवर काठाशी उंच हॉटेलांचा आडोसा असतो, वारा जाणवत नाही. मूल फुगवलेल्या फ्लेमिंगोवर बसून तीस-चाळीस मीटर आत गेलं की आडोसा संपतो आणि तो फ्लेमिंगो शिडाच्या होडीसारखा बाहेर निघतो. पुढे पश्चिमेला मोकळा समुद्र. मुलीला मापाचं लाइफ जॅकेट घाला (खांदे धरून वर ओढलं तर हनुवटीवर चढता कामा नये). फुगवायची खेळणी न्यायचीच असतील तर पाच-सहा मीटर दोरी बांधून टोक मोठ्या माणसाच्या हातात ठेवा. खेळणं सुटलं तर सोडून द्या, मागे पोहत जाऊ नका.

पाम की ईगल: पाण्यासाठी पाम, राहायला ईगल. ईगलची वाळू रुंद, गर्दी कमी, पण काठाशी उतार आहे आणि लाट तिथेच फुटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरताना नाही, बाहेर येताना ती पाडते. पामचं पाणी उथळ आणि शांत. पण ईगलच्या बाजूला स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंटवजा मुक्काम जास्त मिळतात आणि तुमचा तिसरा प्रश्न तिथेच सुटतो. गाडीने पाम बीच पाच-दहा मिनिटांवर. बुक करताना एक बघा, ईगलची बरीच हॉटेलं रस्त्याच्या अलीकडे आहेत, किनाऱ्यावर जायला दर वेळी बुलेव्हार्ड ओलांडावा लागतो. किनारे सगळे सार्वजनिक आहेत. झावळ्यांच्या छत्र्या मात्र हॉटेलांपुढे त्यांच्या पाहुण्यांसाठी राखीव असतात. सार्वजनिक छत्री हवी तर आठच्या आत पोचा.

दिवसाची मांडणी अशी ठेवा: सकाळी ८ ते १० पाण्यात, तेव्हा वारा त्यातल्या त्यात मवाळ असतो. १० ते ४ सावलीत किंवा गाडीत. पुन्हा चारनंतर बाहेर, डिसेंबरअखेर सूर्य सव्वासहाच्या पुढे मावळतो. पोहायच्या चष्म्यातून मासे बघायला बोका काटालिना छान, काठापासूनच दिसतात, पण तळ खडकाळ आहे, पाण्यात चालायचे बूट हवेत. बेबी बीच दक्षिण टोकाला, हॉटेलांपासून ३५-४० मिनिटं. उथळ खाजण आहे, मुलीला स्वर्ग. फक्त बांधाला जिथे खिंड आहे तिकडे जाऊ नका, तिथे ओढ असते. रविवारी स्थानिक कुटुंबं येतात, तेव्हा आठवड्यातला दुसरा वार धरा.

उत्तर-पूर्व किनाऱ्यावर बोका प्रिन्स, दोस प्लाया वगैरे ठिकाणी फक्त बघायचं. तिथे वारा आणि लाट दोन्ही अंगावर येतात, घोट्याएवढ्या पाण्यातही उभं राहू नका.

अवांतर: ईगल बीचवरची ती फोटोतली वाकडी झाडं दिवी-दिवी म्हणून खपतात, ती फोफोती आहेत. खरं दिवी-दिवी, तिथल्या भाषेत वातापाना, वेगळं. त्याच्या शेंगा कातडी कमवायला वापरत आणि त्याच कामासाठी ते झाड भारतातही आणून लावलं गेलं.

खारावारा

गाडीबद्दल. सहा दिवस साधी सेडान घ्या. टॅक्सीला मीटर नसतो, टप्प्यानुसार सरकारी दर ठरलेले असतात. पाच माणसं रोज दोनदा फिरणार असतील तर गाडीच स्वस्त पडते. अमेरिकन लायसन्स चालतं, गाडी उजवीकडूनच चालवायची. पण लाल सिग्नलवर उजवीकडे वळायला तिथे बंदी आहे आणि अमेरिकेतले लोक नेमके तिथेच चुकतात. चौकांपेक्षा राउंडअबाउट जास्त, आतल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

जीप लागते ती अरिकोक राष्ट्रीय उद्यानातल्या कोंचीला, म्हणजे नैसर्गिक कुंडाला, जायला. पण ती वाट हाडं खिळखिळी करणारी, वर पायऱ्या, आणि लाटा मोठ्या असल्या की कुंडात उतरताही येत नाही. बाबांच्या गुडघ्यांना हे नकोच. उद्यानात सान फुएगोच्या फाटकापासून बोका प्रिन्स आणि फोंतेन गुहेपर्यंत रस्ता पक्का आहे, सेडान जाते. फोंतेनच्या छतावर मूळ रहिवाशांनी काढलेली तांबडी चित्रं आहेत, फारसं चालावं लागत नाही. फाटक सकाळी ८ ला उघडतं आणि दुपारी लवकर मिटतं, म्हणून सकाळीच आटपा.

सेडान कच्च्या रस्त्यावर घालू नका. चुनखडीचे दगड सुरीसारखे असतात, टायर बाजूने फाटतो. भाड्याच्या गाडीच्या विम्यातून टायर आणि कच्चा रस्ता बहुधा वगळलेला असतो. करारातलं ते कलम सही करण्याआधी वाचा आणि डिक्कीत स्टेपनी व जॅक आहे का ते तिथेच बघून घ्या.

कुरासाव वाईट नाही, उलट शहर म्हणून तिथलं विलेमस्टाड अरुबाच्या ओरान्येस्टाडपेक्षा कितीतरी देखणं. पण तिथले चांगले किनारे म्हणजे कड्यांमधल्या छोट्या खोबणी, बरेचसे पश्चिम टोकाकडे, पाऊण तासाच्या अंतरावर आणि काही ठिकाणी पायऱ्या उतरून. तीन पिढ्या असतील तर अरुबा.

पोळपाट

आईंच्या जेवणासाठी.

सुपर फूड किंवा लिंग अँड सन्स, दोन्ही दुकानं मोठी. तांदूळ, डाळी, दही, भाज्या मिळतात, पण बहुतेक सगळं आयात केलेलं, त्यामुळे महाग. किमती फ्लोरिनमध्ये लिहिलेल्या असतात, बघून दचकू नका: एका डॉलरला १.७९ फ्लोरिन हा बांधलेला दर, दुकानदार १.७५ ने धरतात. डॉलर सगळीकडे चालतात, सुटे फ्लोरिनमध्ये येतात. ५० सेंटचं नाणं चौकोनी असतं, मुलीसाठी एक राखून ठेवा.

पोहे, रवा, मेतकूट, मसाले, छोटा कुकर घरून न्या. प्लग आणि वीज अमेरिकेसारखीच. पाणी विकत घेऊ नका. बेटावर गोड्या पाण्याची नदी नाही, १९३२ पासून समुद्राचं पाणी गोडं करून पुरवतात आणि ते नळाचं पाणी चवीलाही उत्तम आहे.

बाहेर खाताना: पास्तेची म्हणजे तळलेली करंजीच, सारण चीजचं मागा. पण पिठात अंडं आहे का आणि मांसाच्या पास्तेचीबरोबर एकाच तेलात तळतात का, हे विचारा. चीज डच पद्धतीचं, त्यात प्राण्यांच्या जठरातून काढलेलं रेनेट असू शकतं, आई ते पाळत असतील तर टाळा. फुंची (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) चालेल, पण ती मटणाच्या पाण्यात शिजवलेली नाही ना याची खात्री करा. पान बातीत (तव्यावरच्या जाड धिरड्यात) बहुधा अंडं असतं. सुरिनामी रोटीवाले दिसले तर आत शिरा. सुरिनाममधल्या भोजपुरी वंशाच्या लोकांमुळे बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी रोटीसोबत मिळते, फक्त ताटात ठेवतात ते उकडलेलं अंडं आधीच नको म्हणून सांगा. तिखटाची चटणी मादाम जानेत मिरचीची असते, पहिल्यांदा बोटाच्या टोकावर घ्या.

बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते पाहून मग टिप द्या.

सनस्क्रीन घरातलं उचलून नेऊ नका, आधी डबीवरचे घटक वाचा. ऑक्सिबेन्झोनवर तिथे २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या. लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट त्याहून बरा.

आय९४वाला

मिडलसेक्सकर, तिकीट काढलं नसेल तर थांबा.

टोरांटोला तुम्ही परत आलात ते ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशनच्या नियमावर. स्टॅम्प संपलेला, पण आय-९४ चालू, बाहेर ३० दिवसांहून जास्त राहिला नाहीत आणि तिथे नवीन व्हिसासाठी अर्ज केला नाही, तर परत घेतात. ही सवलत सर्वसाधारणपणे फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. 'लगतची बेटं' तीत धरतात ती केवळ एफ आणि जे दर्जाच्या लोकांसाठी, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाले. नेदरलँड्सच्या अखत्यारीतली कॅरिबियन बेटं त्या यादीत आहेत, म्हणून एखादा एफ-१ वाला मित्र 'मी तर गेलो होतो' असं सांगेल. तो खरं बोलतोय, पण एच-१बी आणि एच-४ ला ते लागू नाही.

अडचण अरुबातच उघडी पडेल. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्याच विमानतळावर, विमानात बसायच्या आधी होतं. तिथे नाही म्हटलं की तुम्ही बेटावरच अडकलात, आणि अमेरिकेची वकिलात अरुबात नाही, कुरासावला आहे. शिवाय जातानाही अडेल. भारतीय पासपोर्टवर अरुबाच्या व्हिसातून सूट मिळते ती अमेरिकेचा चालू मल्टिपल एन्ट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर. संपलेला स्टॅम्प त्यात बसत नाही, आय-७९७ हा व्हिसा नव्हे.

आई-बाबांचं चालेल. फक्त परतताना त्यांना नव्याने सहा महिने मिळतील असं धरून भारताचं तिकीट पुढे ढकलू नका, तो अधिकाऱ्याचा निर्णय. आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या घरी यायच्या आधी ऑनलाइन आय-९४ वर दोघांच्या तारखा तपासा.

स्टॅम्प झाल्यावर जाल तेव्हा: ऑनलाइन ईडी कार्ड (अरुबात प्रवेशाचा फॉर्म) विमानाच्या आधीच्या आठवड्यात भरायचं, त्यातच २० डॉलरची फी. परतीला तीन तास आधी पोचा, शनिवार-रविवारी अर्धा तास आणखी. आधी अरुबाचं तपासणं, मग अमेरिकेचं. न्यूअर्कला मग देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडायचं.

मिडलसेक्सकर

वाचलो. तिकीट रिफंडेबल होतं, रद्द केलं. स्टॅम्पिंग उन्हाळ्यात भारतात जाऊन करू. पण डिसेंबरची सुट्टी आणि आई-बाबा दोन्ही हातात आहेत. अमेरिकेच्या हद्दीतच असं कोरडं, उन्हाचं काही आहे का?

खारावारा

पोर्टो रिकोचा नैऋत्य कोपरा. गुआनिका, ला पार्गेरा, काबो रोहो. सान हुआनची बाजू हिरवी आणि ओली, मधल्या डोंगररांगेत पाऊस पडून जातो, पलीकडे कोरडं जंगल आणि निवडुंग. न्यूअर्कहून सान हुआन हा देशांतर्गत प्रवास, त्यामुळे स्टॅम्पचा प्रश्न येत नाही. तरी पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ ची प्रत जवळ ठेवाच.

सान हुआनहून ५२ नंबरच्या महामार्गाने पोन्से, पुढे २ नंबर, अडीच तास धरा. अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत असते, गोंधळू नका. टोलचा टॅग गाडीसोबतच घ्या. मुक्काम ठरवताना जनरेटर आणि पाण्याची टाकी आहे का, हे लेखी विचारा, कारण तिथे वीज वारंवार जाते आणि पंप थांबला की पाणीही.

गुआनिकाच्या जंगलात सकाळी ९ च्या आत फिरून घ्या, सावली जवळजवळ नाही. बाबांसाठी ३३३ नंबरचा किनारी रस्ता पुरेसा, गाडीतूनच एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला निवडुंग. ला पार्गेराला रात्री चमकत्या पाण्याची खाडी आहे, अमावस्येच्या जवळची रात्र धरा, चांदण्यात काही दिसत नाही. प्लाया सुसियाची वाट खड्ड्यांची आहे आणि तिथे लाटही असते, तुमच्यासाठी काबो रोहोतला बोकेरोन बीच बरा, उथळ आणि शांत.

परतताना सान हुआनच्या विमानतळावर चेक-इनच्या आधी कृषी खात्याचं एक्स-रे मशीन लागतं, त्यातून सगळं सामान जावं लागतं. आईंनी पिशवीत आंबा किंवा पेरू ठेवला असेल तर तो तिथेच खाऊन संपवा.