याकुजा : गुंड, दादा की फुकट गेलेला डाव?

शब्दखोर
आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात जुने कृष्णधवल जपानी टोळीपट दाखवायचं ठरलंय. माहितीपत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. त्यातल्या टोळीवाल्याला, म्हणजे 'याकुजा'ला, मराठीत काय म्हणायचं? 'गुंड' लिहिलं तर नाक्यावरचा वाटतो, 'माफिया' लिहिलं की इटलीत जातो, 'भाई' लिहिलं की थेट डोंगरी. शिवाय 'याकुजा' लिहू की 'याकुझा'?

ओसाकाकर
आधी उच्चाराचं मिटवू. 'याकुजा'च लिहा. 'बाजार'मधला 'ज' म्हणायचा, 'जेवण'मधला नाही. हा 'ज' आपल्याकडे आयताच आहे, मग 'झ' घालून उगाच हकार कशाला चिकटवायचा? नुक्त्याची गरज हिंदीला.

आता अर्थ. हा शब्द मुळात आकडा आहे. या म्हणजे ८, कु म्हणजे ९, सा म्हणजे ३. बोलताना 'सा'चा 'जा' झाला. ओइचो-काबु नावाचा पत्त्यांचा जुगार आहे. पानांची बेरीज करायची आणि फक्त एकं स्थानचा आकडा धरायचा. ९ सगळ्यात भारी. ८, ९, ३ आले की बेरीज २०, म्हणजे हाती शून्य. थोडक्यात, फुकट गेलेला डाव. तिथून 'कुचकामी' असा अर्थ आला आणि पुढे तो माणसांना चिकटला.

गिरणगावकर
अहो, हा तर आमचा मटका! तीन आकडे काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा. फक्त पाना, म्हणजे ते तीन आकडे, लिहिताना लहानाकडून मोठ्याकडे, म्हणजे ३८९. तोही शून्याचाच पाना. फरक एवढाच की मटक्यात शून्य हरत नाही. शून्यावर लावणारेही असतात आणि लागलं की त्यांनाही तेवढेच पैसे.

शब्दखोर
मग आपल्याकडचा जवळचा शब्द 'चारशेवीस' म्हणायचा का? तोही आकड्याचाच झालेला शब्द.

ओसाकाकर
घडण तशीच, पण चव वेगळी. ४२० हा कायद्याने मारलेला शिक्का. (२०२४पासून फसवणुकीचं कलम ३१८ झालंय, पण 'तीनशेअठरा' असं कोणी कोणाला म्हणताना ऐकलं नाही.) याकुजा हा जुगाऱ्यांच्या बैठकीतूनच आलेला शब्द. या टोळ्यांची जुनी कुळं दोन, बाकुतो म्हणजे जुगारी आणि तेकिया म्हणजे जत्रेत पाल ठोकून माल विकणारे. आपल्या हातात शून्य आहे हे ठाऊक असलेला माणूस डाव टाकून उठत नाही. मला तरी हे सिनेमे पुन्हापुन्हा बघावेसे वाटतात ते यासाठी. गोळीबार तर कुठेही मिळतो.

तिसरी घंटा
सहमत. कुरोसावाचा 'ड्रंकन एंजल' (१९४८) आठवा. मिफुने हा नट त्यात टोळीवाला आहे. हातातली गोळी काढायला डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टर त्याला क्षय असल्याचं सांगतो. शेवटची मारामारी एका अरुंद बोळकांडीत होते. पांढऱ्या रंगाचा डबा सांडतो आणि दोघं त्यात घसरतात, उठतात, पुन्हा आपटतात. ऐटबाज कपड्यांतला माणूस पांढराफटक होऊन सरपटत वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचतो. रंगीत सिनेमात तिथे लाल रक्त दाखवलं असतं. इथे काळ्यावर पांढरं, बस्स.

दुसरं उदाहरण दिग्दर्शक शिनोदाचा 'पेल फ्लॉवर' (१९६४). शब्दचर्चेच्या पंगतीला म्हणून सांगतो, मूळ नाव 'कावाइता हाना', म्हणजे 'वाळलेलं फूल'. इंग्रजीत ते 'फिकट' झालं. नायक खून करून तुरुंगात जाऊन आलेला, आणि ८-९-३चा तो खेळ पडद्यावर...

ओसाकाकर
थांबा, तो खेळ ओइचो-काबु नाही. 'पेल फ्लॉवर'मध्ये तेहोनबिकी आहे. वाटणारा १ ते ६मधलं एक पान लपवून निवडतो आणि बाकीच्यांनी ते ओळखायचं. बेरीज नाहीच. सगळा खेळ समोरच्याचा चेहरा वाचण्याचा, म्हणून कॅमेराही पानांपेक्षा चेहऱ्यांवर जास्त रेंगाळतो.

तिसरी घंटा
चूक मान्य. पत्रकात तेहोनबिकीच लिहा.

शब्दखोर
'दादा'चं काय? मला तो बरा वाटतोय. थोरला भाऊही दादा आणि वस्तीतला दांडगाही दादाच.

ओसाकाकर
छान पकडलंत. टोळीतल्या वरच्याला 'आनिकी' म्हणतात, त्याचा अर्थ थोरला भाऊ. तिथे डोळे झाकून 'दादा' घाला. म्होरक्या मात्र 'ओयाबुन', म्हणजे बापाच्या जागचा. हाताखालचे 'कोबुन', लेकराच्या जागचे. साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, पेला देऊन घेऊन हे नातं बांधतात. उपशीर्षकांत याचं सरसकट 'बॉस' करतात आणि बापलेकाचं नातं नोकरी होऊन बसतं.

गिरणगावकर
आणि या सिनेमांत येतं ते 'गिरी' काय असतं? दादागिरीतलं का?

ओसाकाकर
नाही हो! 'दादागिरी'तला प्रत्यय फारसीकडून आला. जपानी 'गिरी' म्हणजे उपकाराचं ओझं. 'कर्तव्य' हा शब्द फार धुतलेला वाटतो. 'मिंधेपणा' जवळचा आणि 'खाल्ल्या मिठाला जागणं' त्याहून जवळचं. त्याच्या उलट 'निन्जो', म्हणजे माया, मनाची ओढ. या दोहोंच्या ओढाताणीवर अख्खा प्रकार उभा आहे.

शब्दखोर
निक्कात्सु कंपनीच्या सिनेमांना 'मुकोकुसेकी' का म्हणतात?

ओसाकाकर
मु म्हणजे नाही, कोकुसेकी म्हणजे राष्ट्रीयत्व. गोदी, नाइटक्लब, जॅझ, लांब कोट. गोष्ट जपानची पण हवा कुठलीच नाही. मी 'बिनमुलखी' म्हणेन, बघा पटलं तर. शिशिदो जो हा त्यांचा नट तर शस्त्रक्रिया करून गाल फुगवून आला होता! दिग्दर्शक सुझुकीच्या 'ब्रँडेड टू किल'मध्ये (१९६७) तो तीन नंबरचा मारेकरी आहे आणि शिजणाऱ्या भाताच्या वासावर भाळतो. मालकांना त्यातलं काही कळलं नाही. १९६८मध्ये त्यांनी सुझुकीला काढून टाकलं.

शब्दखोर
ठरलं. 'याकुजा' तसाच ठेवतो आणि खाली एक ओळ: "८-९-३, म्हणजे फुकट गेलेला डाव." एकच राहिलं. इमामुराच्या 'पिग्ज अँड बॅटलशिप्स'मध्ये (१९६१) योकोसुकाच्या अमेरिकन तळाजवळ डुकरं पाळणारी टोळी आहे. तिच्यातल्या पोराला 'चिन्पिरा' म्हणतात. टोळीतला सगळ्यात खालचा, ऐट मात्र राजाची. टपोरी?

गिरणगावकर
चिंधीचोर.