‘कोन क्रॉप’ला आपल्यात काय म्हणायचं?

टिळकवाडी: मुलांच्या भित्तिपत्रकासाठी कॅनडातल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलावरचा लेख मराठीत आणतोय. तिथले पक्षीनिरीक्षक उन्हाळा सरतानाच झाडांवरचे बियांचे शंकू बघून सांगतात, यंदा क्रॉसबिल आणि सिस्किन हे बी खाणारे फिंच पक्षी थांबणार की दक्षिणेला उतरणार. एका वर्षी झाडं लगडतात, पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामी. याला ते ‘कोन क्रॉप’ म्हणतात, मी ‘शंकूंचं पीक’ लिहिलं. कन्नड शाळेतल्या मित्रानं विचारलं, पेरलं कुणी? तिथंच अडलोय.

खानापूर: पेरायलाच पाहिजे असं कुठाय? जांबोटीकडं करवंदाचं पीक म्हणतातच की. मूळ ‘पक्व’. पिकतं ते पीक.

निपाणी: झाडाचं असेल तर आमच्यात ‘बार’. चिंचेला यंदा बार चांगला लागलाय. आणि नाही आला तर ‘आंब्यानं खाडा केला’. तुमची दोन्ही वर्षं यात बसली.

शहापूर: मुलांना वाचायला देणार ना? मग ‘बहर’ लिहा. मृग बहर, हस्त बहर छापील शब्द आहेत. ‘बार’ ही त्याचीच बोली.

अथणी: बाई, बहर तरी कुठं आपला? फारसी ‘बहार’. ‘फलभार’ घ्या. ‘बार’सुद्धा ‘भार’वरूनच आलाय, फांदी वाकवतो तो.

निपाणी: पटत नाही. बागेला ताण देऊन बहर धरतात, तसाच बार धरतात. ‘भार धरला’ कोण म्हणतं?

घटप्रभा: शंकूचं काय? शंकू म्हणजे खुंटी. सुरूच्या झाडाखाली आम्ही बोंडंच वेचली. कापसाचं बोंड उकलतं, तसे याचेही खवले उकलतात.

टिळकवाडी: सुरू सूचिपर्णी नाही हो, फुलझाडांतला आहे. दोन्हीला बोंड म्हटलं तर मुलांचा घोटाळा होईल. ‘उकलणं’ मात्र घेतो. क्रॉसबिलच्या चोचीची टोकं एकमेकींवरून जातात, म्हणून मिटलेला खवलाही फाकवून जिभेनं बी काढता येतं. पिल्लाची चोच सरळ असते, तिढा मागून पडतो. बी भरपूर असेल तर ऐन थंडीत घरटं घालतात. त्यांचं सगळं त्या बारावर चालतं, म्हणून शब्द नेमका हवा.

चिकोडी: ‘तिढचोच’ म्हणा की त्याला!

शहापूर: नको. क्रॉसबिल राहू द्या, फिंचला फिंच म्हणतो तसं.

खानापूर: फिंच आपल्या घाटातही येतात. रोझफिंच हिवाळ्यात उतरतो, कळकाचं, म्हणजे बांबूचं, बी आवडीनं खातो. कळक काही दशकांतून एकदा फुलतो आणि वाळून जातो. त्याला बार म्हणणार?

अथणी: ते पीकच. लोक झाडून आणून शिजवायचे. कन्नडात बिदिरक्की, तांदूळच म्हणतात.

निपाणी: पण उंदीर वाढतात म्हणून म्हातारी माणसं भ्यायची. बरं, क्रॉसबिल दक्षिणेला उतरतात त्याला काय लिहिलंय?

टिळकवाडी: स्थलांतर.

निपाणी: स्थलांतर दरवर्षीचं. हे खाडा पडला तरच. शाळूवर भोरड्या येतात तेव्हा आम्ही ‘धाड पडली’ म्हणतो. तेच लिहा.

शहापूर: भुकेनं निघालेल्या पाखराला दरोडेखोर का करायचं?

चिकोडी: दुष्काळात माणसं ‘जगायला गेली’ म्हणतात. तेच इथं चालेल.

अथणी: वाक्यात चालेल, मथळ्यात नाही. मथळ्याला नाम पाहिजे.

खानापूर: रोझफिंचला घाटाकडं जुनं नाव कुणी ऐकलंय का?